जिवाजी शेकदाराचा अर्ज

एकनाथांचे विंचवाचे भारुड ज्याच्या कानावरून गेले नाही असा मराठी माणूस विरळा. रोडग्याचे भारुडही तसेच. सासू, सासरा, जाऊ, नणंद यांची वासलात लावायला निघालेली ती बाई आपल्या घरच्या बायकांनी इतकी आपलीशी करून टाकली आहे की, तिच्यामागे वेदान्त उभा आहे याची त्यांना मुद्दाम आठवण करून द्यावी लागते. पण नाथांच्या तीनशेच्या घरात जाणाऱ्या भारुडांत एक असे आहे की ज्याच्यावर ठेका धरून नाचता येत नाही आणि ज्यात स्त्रीवेष घेऊन ठुमकण्याचीही सोय नाही. त्यामुळे कीर्तनकार त्याच्या वाटेला क्वचितच जातात. अभ्यासक जातात, पण टीपा देऊन परत येतात. ‘अर्जदस्त’ हे ते भारुड. मूर्ख राज्यकर्त्यांची टर उडवणारे पुष्कळ काव्य आपल्याकडे झाले आहे. शाहिरांनी केले, लोकनाट्यवाल्यांनी केले, वर्तमानपत्रांतल्या वात्रटिकांनी तर त्याचा रतीबच घातला आहे. त्या सगळ्यांत मला हे सोळाव्या शतकातले भारुड सर्वांत तिखट वाटते, आणि तसे का वाटते हे जरा सविस्तर सांगावे म्हणून हा लेख.

ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी त्याचा विषय थोडक्यात सांगतो. हा एक सरकारी अर्ज आहे. शरीराबाद नावाच्या परगण्यावर जिवाजी नावाचा शेकदार नेमलेला आहे. त्याच्या हाताखाली बुधाजी कारकून. परगण्यात कायापुरी नावाचा किल्ला. साहेबांचा हुकूम घेऊन जिवाजी घोड्यावर बसला, परगण्यात आला आणि कामाला लागला. परंतु तिथले वजनदार लोक त्याला काम करू देईनात. ते लोक कोण? दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी. यांतला प्रत्येक जण काय काय उपद्व्याप करतो याची तक्रार जिवाजीने साहेबांच्या कानावर घातली आहे. मग गावोगावच्या दुरवस्थेची तपशीलवार यादी येते. ती गावे म्हणजे डोळसवाडी, कानगाव, नाकापूर अशी. शेवटी यमाजीपंतांची तलब येते. भारुड तोंडातोंडी फिरलेले असल्यामुळे त्याचे पाठ थोडेफार वेगळे मिळतात. पण सांगाडा हाच.

आता याचा ‘अर्थ’ सांगणे फारच सोपे आहे, आणि तिथेच या भारुडाचा घात झाला आहे. जिवाजी म्हणजे जीव, बुधाजी म्हणजे बुद्धी, मनीराम म्हणजे मन, ममताई म्हणजे ममता. साहेब म्हणजे परमेश्वर आणि यमाजीपंत कोण हे सांगायलाच नको. इतके फळ्यावर लिहिले की वर्गातली मुले वह्यांत उतरवून घेतात आणि भारुड संपते. कुलपाची किल्ली मिळाली म्हणून कोणी घरात जायचेच सोडून देईल काय? पण रूपकाच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो. जणू नाथांना एक कंटाळवाणा उपदेश करावयाचा होता आणि तो गोड लागावा म्हणून त्यांनी वरून थोडा विनोद भुरभुरला. मला ही समजूत उलटी वाटते. या भारुडात विनोद आधी आहे, खराखुरा परगणा आधी आहे, खरी कचेरी आणि खरी माणसे आधी आहेत. ती खरी असल्याशिवाय पुढचा वेदान्त उभाच राहत नाही.

एकनाथांना ही कचेरी कुठे भेटली? त्यांचा काळ १५३३ ते १५९९ असा सांगतात. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी होते अशी परंपरा आहे, आणि नाथ लहान वयातच पैठणहून त्यांच्याकडे गेले. तिथे गुरूने त्यांना हिशेबाच्या कामाला लावले. ताळेबंदातली एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढली, आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. तिचे तात्पर्य ‘एका पैसाठी इतकी एकाग्रता, तर देवासाठी किती?’ असे सांगितले जाते. त्या गोष्टीत मला दुसरेच काही दिसते. हा संत फडावर बसलेला माणूस होता. दफ्तर, तलब, ताकीद, कौल, जाब यांच्या गराड्यात त्याची उमेदीची वर्षे गेली. त्याने पुढे जी भारुडे रचली त्यांत अर्जदस्ताखेरीज अभयपत्र आहे, ताकीदपत्र आहे, जाहीरनामा आहे, कौलनामा आहे, जाबचिठ्ठी आहे. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या कागदांचे जवळजवळ सगळे नमुने त्याने वापरले. इतर संतांनी मळा पाहिला, चाक पाहिले, माग पाहिला, दुकान पाहिले आणि त्यांच्या प्रतिमा केल्या. नाथांनी दफ्तर पाहिले.

म्हणून त्यांच्या अर्जाची भाषा पाहण्यासारखी आहे. सलाम, बंदगी, हुजूर, परगणे मजकूर, तमाम, बितपशील अशा फारशी शब्दांची नुसती लयलूट आहे. कित्येक वाचकांना यात परकीय सत्तेची टवाळी दिसते. राज्याभिषेकानंतर, म्हणजे १६७४ नंतर, शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, हे आपल्याला ठाऊक असते. त्या चष्म्यातून मागे पाहिले म्हणजे नाथही तीच लढाई विनोदाने लढत होते असा भास होतो. मला तो पटत नाही. दंभाजी, कामाजी, मनीराम, ममताई यांतले कोणी परके नाही. सगळे इथलेच आहेत, इथल्याच वतनांवर बसलेले आहेत. नाथांचा रोख फारशीवर नाही, त्या भाषेआड दडणाऱ्या माणसावर आहे. काही केले नाही असे साध्या मराठीत सांगायची लाज वाटते. तेच ‘परगणे मजकुरी’ म्हणून सुरुवात केली की वजनदार होते. आणि तो कोश होऊन साडेतीनशे वर्षे लोटली तरी भंडाऱ्याच्या तहसील कचेरीबाहेर बसणारा लिहिणारा अजून ‘अर्ज’च लिहितो, ‘दाखला’च मागतो, ‘वसुली’ आणि ‘जप्ती’ यांनाच घाबरतो. या भारुडातला विनोद शिळा झाला नाही याचे एक साधे कारण हे आहे.

आता नावांकडे येऊ. क्रोधाला ‘क्रोधाजी’ म्हणणे, दंभाला ‘दंभाजी’ म्हणणे, यात पहिला हशा आहे. शिवी देताना मानाचा ‘जी’ लावायचा! जिवाजी आपल्या अर्जात या मंडळींना सरसकट हरामजादे ठरवतो, पण नाव लिहिताना मात्र ‘जी’ सोडत नाही. अर्जदाराची भीड आणि अर्जदाराचा संताप अशा दोन्ही गोष्टी एकाच नावात बसल्या आहेत. गावच्या मालगुजाराला पाठीमागे काय म्हणत आणि समोर काय म्हणत, हे आमच्या भागातल्या ज्या घरांत जुन्या गोष्टी निघतात त्यांना वेगळे सांगायला नको.

पण त्याहून मोठी गंमत हुद्द्यांच्या वाटपात आहे. नाथांनी हुद्दे कसेही वाटलेले नाहीत. दंभाला शेटेपण दिले, कारण शेटे म्हणजे पेठेतला प्रतिष्ठित. दंभाला पेठ लागते, बघणारे लोक लागतात, रानात एकट्याने दंभ करता येत नाही. कामाला महाजन केले, कारण तो आधी हवे ते पुढे करतो आणि व्याजासकट वसूल करतो. क्रोध नाईकवाडी आहे, म्हणजे हत्यारबंद शिपाईगडी. त्याचे काम परगण्याचे रक्षण करणे, आणि तोच परगण्यात दंगा माजवून बसला आहे. ममता देशपांडीण आहे. देशपांड्याकडे जमिनीचे आणि हक्कांचे दफ्तर असते. कोणती वस्तू कोणाची, कोणता बांध कोणाचा, हे ज्याच्या वहीत तो देशपांडे. माझे माझे म्हणून नोंद ठेवणाऱ्या ममतेला याहून योग्य जागा शोधून काढावी असे म्हटले तरी सापडणार नाही. आणि या सगळ्या पुरुषमंडळीत ती एकटी बाई साऱ्या परगण्याला जेरीस आणते, हेही ऐकणाऱ्यांना घरगुती अनुभवाने पटत असणार.

मनाला देशमुखी दिली आहे, आणि इथे नाथांची कारभारातली जाण अगदी उघडी पडते. शेकदार हा नेमलेला अंमलदार. आज या परगण्यात, उद्या दुसऱ्या. देशमुख आणि देशपांडे हे वतनदार. त्यांचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा. शेकदार आला काय आणि गेला काय, देशमुख आपल्या वाड्यात असतोच. नव्या अंमलदाराला गावची नावे पाठ होईपर्यंत त्याच्या बदलीची वेळ येते, हे त्याला पुरते ठाऊक असते. जीव हा बदलीवर आलेला अधिकारी आणि विकार हे मुलखातले वतनदार, ही कल्पना नुसती हसवणारी नाही. जन्मोजन्मीच्या वासना देहाला चिकटून असतात आणि जीव तिथे पाहुण्यासारखा येतो, हा सगळा सिद्धान्त नाथांनी एका महसुली व्यवस्थेत मांडून दाखवला. ज्याने ती व्यवस्था पाहिली होती त्या श्रोत्याला टीपेची गरज नव्हती. आज आपल्याला वतनदारी समजावून सांगावी लागते आणि वेदान्त आधी कळतो, हा काळाचा खेळ आहे.

आमच्याकडे भोसल्यांचा कमाविसदार गेला, इंग्रजांचा तहसीलदार आला, मध्ये मालगुजार बसला. १९५१ साली मालगुजारी गेली, १९५६ साली जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, १९९९ साली त्यातून गोंदिया वेगळा झाला. इतक्या उलाढालींत मनीराम देशमुखाचे काय झाले, हे मात्र कोणत्याही राजपत्रात छापून आलेले नाही.

हशाचा हा भाग झाला. उपरोध याच्या पलीकडे आहे, आणि तो पहिल्या वाचनात बहुधा हातून निसटतो. एकदा वर्गात हा अर्ज वाचून झाल्यावर मी मुलांना विचारले, या परगण्यातला सर्वांत वाईट माणूस कोण? अपेक्षेप्रमाणे कोणी क्रोधाजी म्हणाले, कोणी कामाजी म्हणून तोंड लपवून हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि आमच्या झाडीच्या बोलीत म्हणाली, “गुरुजी, मंग हा सेकदार का करत होता?”

शेकदार काय करत होता? या एका प्रश्नावर सगळे भारुड फिरते. अर्ज पुन्हा वाचून पाहा. जिवाजी सांगतो की तो आला, त्याने काम सुरू केले, आणि या लोकांनी ते चालू दिले नाही. काम कोणते, किती झाले, वसूल किती आला, याबद्दल अर्जात चकार शब्द नाही. दंभाजी कचेरीत येऊन ठाण मांडून बसतो, अशी तक्रार आहे. कचेरी कोणाची? जिवाजीची. मग त्याला बसू कोणी दिले? मनीराम आपली कामे परभारे करून घेतो म्हणे. ज्या कचेरीत एखाद्याची कामे परभारे होतात तिथल्या साहेबाने एक डोळा मिटलेला असतो, हे कोणत्याही शिपायाला विचारावे. आणि बुधाजी कारकून? त्याचे नाव अर्जदारांत आहे, मात्र पुढे त्याच्या हातून झालेले एकही काम दिसत नाही. बुद्धी ही केवळ सही करण्यापुरती उरली आहे. सगळा अर्ज इतरांच्या अपराधांनी भरलेला आहे आणि त्या भरलेपणातूनच अर्जदाराचा नाकर्तेपणा ओळीओळीला गळतो आहे. त्याला ते कळत नाही. तो मनापासून, तळमळीने लिहितो आहे, आणि म्हणूनच ते हास्यास्पद झाले आहे. आपले लेखन आपल्याविरुद्ध पुरावा होत आहे याची ज्याला कल्पना नाही असा साक्षीदार नाथांनी उभा केला.

यालाच मी खरा उपरोध म्हणतो. उपहासात हसणारा उंचावर उभा असतो आणि ज्याला हसायचे तो खाली. उपरोधात कवी स्वतः बाजूला होतो, मूर्खाच्या हाती लेखणी देतो आणि गप्प बसतो. समर्थांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खलक्षणे आहेत आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे आहेत. फार मजेदार समास आहेत ते. वाचताना आपल्या शेजाऱ्यांची, साडूची, मुख्याध्यापकांची तोंडे डोळ्यांपुढे येतात. परंतु तिथे समर्थ बोलतात आणि मूर्ख ऐकतो. छडी गुरुजींच्या हातात आहे, आणि ज्या ज्या वाचकाला ते समास आवडतात तो मनातल्या मनात गुरुजींच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. मी मास्तर असल्यामुळे मला त्या खुर्चीचे सुख चांगले माहीत आहे. अर्जदस्तात अशी खुर्चीच ठेवलेली नाही.

राजाच्या मूर्खपणावर बेतलेल्या दुसऱ्या गाजलेल्या कृतींशी ताडून पाहिले म्हणजे हा फरक आणखी ठसतो. आमच्या भागाला हिंदी मुलूख लागून आहे, त्यामुळे अंधेर नगरी आणि तिचा चौपट राजा ही म्हण आमच्या आजीबाईंच्याही तोंडी असे. भारतेंदू हरिश्चंद्रांनी १८८१ साली तिच्यावर प्रहसन लिहिले. भाजी आणि खाजे एकाच भावाने विकणारे राज्य, एका बकरीच्या मृत्यूपायी फाशीसाठी माणूस शोधत फिरणारा न्याय, आणि या घटकेला मरणारा थेट स्वर्गात जातो असे गुरूने सांगताच स्वतःच फासावर चढणारा राजा. अप्रतिम प्रहसन आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’तल्या राजाने आणि कोतवालाने १९६५ पासून महाराष्ट्राला किती हसवले ते सांगायला नकोच. पण दोन्हीकडे मूर्ख तो राजा, आणि प्रेक्षक सुटलेला. राजा फासावर गेला की आपण पानसुपारी खात घरी जातो.

प्रेक्षकाला सुटू न देणारे एक विलायती उदाहरण मला आठवते ते गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चे. हे रशियन नाटक १८३६ साली रंगभूमीवर आले, आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘अंमलदार’मुळे ते आपल्याही घरचे झाले. गावचा लाचखाऊ मुख्य अधिकारी फजिती झाल्यावर शेवटी एकाएकी प्रेक्षकांकडे वळतो आणि त्यांच्या हसण्याचाच जाब विचारतो. नाट्यगृह क्षणभर थंड पडते. गोगोलला त्यासाठी पात्राची मान वळवावी लागली. नाथांना तेही करावे लागले नाही. त्यांनी परगण्याचे नावच शरीराबाद ठेवले होते. हसणाऱ्याच्या ते लक्षात येईपर्यंत तो पोट धरून हसत असतो, आणि ते पोट त्याच परगण्यातले असते.

झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया भरतात. भाऊबीज झाली की आज या गावी, उद्या त्या गावी, असे आठ-पंधरा दिवस चालते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. गंमतीत सोंगाड्या पटवाऱ्याचे सोंग आणतो तेव्हा जो हशा उसळतो तो मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कधी कधी खरा पटवारी पुढच्या सतरंजीवर बसलेला असतो, आणि तोही हसतो. जरा जास्तच मोठ्याने हसतो. त्या हशाने दुसऱ्या दिवशी सातबाऱ्यात काही फरक पडत नाही. असल्या हशाला मी कमी लेखत नाही. वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला एक रात्र तरी पटवारी हातात मिळाला पाहिजे. पण नाथांचे भारुडही अशाच उघड्यावरच्या, बहुजनांच्या मेळ्यासाठी रचलेले होते, आणि त्यात मात्र पुढच्या सतरंजीवरच्या पटवाऱ्याची आणि मागे उभ्या असलेल्या कुळाची सारखीच झडती आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. कुळाचाही एक परगणा आहे आणि तिथे त्याच्याही कचेरीत दंभाजी बसलेला आहे. कोणी असे म्हणेल की यामुळे खऱ्या शेकदाराची सुटका झाली. सगळेच दोषी म्हटले की लाच खाणारा आणि देणारा एकाच मापाने मोजला जातो. हा आक्षेप पोकळ नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांनी अंमलदारांना आणि भटकारकुनांना अशी सवलत दिली नाही, आणि ती द्यावयाची वेळही ती नव्हती. दोन्हींची गरज असते. तरी अर्जदस्तात सत्ताधाऱ्याला जी अद्दल घडते ती मला सौम्य वाटत नाही. ‘माझ्या हाताखालच्यांनी केले’ ही जी सत्तेची सर्वांत जुनी सबब, ती नाथांनी आहे तशी लिहून घेतली आणि तिच्या खाली तारीख घातली. ती तारीख यमाजीपंतांच्या तलबेची आहे.

तारखेचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. जिवाजीने अर्ज केव्हा केला? दंभाजी कचेरीत प्रथम येऊन बसला तेव्हा नाही. क्रोधाजीने दंगा केला त्या दिवशीही नाही. बुरूज ढासळले, गावे ओस पडली, वरून तलब सुटली, तेव्हा त्याला साहेबांची आठवण झाली. पूर ओसरल्यावर पुराचा अहवाल पाठवणारे अंमलदार वैनगंगेकाठच्या लोकांनी काही कमी पाहिलेले नाहीत.

इथवर मी भारुडाचा वकील झालो; आता त्यातला कच्चा भागही सांगितला पाहिजे. गावांची जी यादी येते तिच्यात काही नावे केवळ शब्दाला शब्द जुळवून केलेली आहेत. माणसांच्या हुद्द्यांत जो नेमका विचार होता तो इथे सगळीकडे नाही. कान म्हणून कानगाव, नाक म्हणून नाकापूर, अशी ही कोटी लहान मुलांना फार आवडते. आमच्या मुलांनी तर तेवढ्यावरून कोपरखेडा, टाचटोला, गुडघाटोली अशी अर्धा तालुका होईल इतकी गावे वसवली होती. पण मोठ्या माणसाला दोन-चार नावांनंतर ती युक्ती आधीच कळू लागते. नाथांना श्रोत्यांचे हसू आवरत नसले की ते थोडे अधिक वाढतात, ही त्यांच्या इतरही भारुडांतली सवय आहे.

मात्र त्या यादीतच एक असे काही घडते की मी तक्रार तिथे थांबवतो. डोळ्यांचे गाव पाझरू लागले आहे. कानांच्या गावाने दारे लावून घेतली आहेत. नाकाचे गाव वाहते आहे. हे वाचताना आपण हसायला तोंड उघडतो आणि घरातल्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे आपली नजर जाते. दिवाळीला सगळी मुले-नातवंडे आली आहेत, बत्ती पेटली आहे, फटाके वाजताहेत, आणि त्याला त्यांतला मोठा बारच तेवढा ऐकू येतो. कोणी ओळखून पाया पडले तर तो आशीर्वाद देतो आणि मग हळूच विचारतो, हा कोणाचा? कानगावची कवाडे लागलेली आहेत. त्या क्षणी विनोद संपत नाही, पण तो कुठे चालला होता ते कळते.

आणि ‘ओस’ हा शब्द. आज तो आपल्याला काव्यमय वाटतो. सोळाव्या शतकातल्या श्रोत्याला तो दफ्तरातला शब्द होता. दुष्काळाने, लुटीने, वसुलीच्या जाचाने गावेच्या गावे उठून जात, आणि कागदावर त्यांच्या नावापुढे एवढीच नोंद होई. आमच्या जिल्ह्यात अशा उठून गेलेल्या गावाला रिठी म्हणतात. महसुली कागदात तिचे नाव असते, हद्द असते, कधी तलावही असतो, माणूस नसतो. अशा एखाद्या रिठीवरून संध्याकाळच्या वेळी गेलेल्याला देहाला ओस पडलेल्या गावाची उपमा देणे म्हणजे काय, ते समजावून सांगावे लागणार नाही. विनोदी कवीने हा शब्द शोधून आणला नाही. त्याच्या समोरच्या माणसांनी तो भोगलेला होता. त्याने तो त्यांच्याच अंगावर, अक्षरशः अंगावर, ठेवला.

राहता राहिले साहेब. हा अर्ज ज्यांच्याकडे चालला आहे ते साहेब भारुडात कुठेच दिसत नाहीत. त्यांनी जिवाजीला पाठवले एवढेच कळते. असल्या माणसाच्या हाती इतका मोठा परगणा देणाऱ्या साहेबांबद्दल नाथांना काही म्हणायचे होते काय? धीट वाचकाला तशी शंका येते, मलाही येते. जनाबाई, तुकोबा यांनी विठ्ठलाला चारचौघांत फैलावर घेतले आहे. तेव्हा एकनाथ घेणारच नाहीत असे नाही. पण मला वाटते, इथे साहेबांचे मौन हे त्यांच्यावरच्या टीकेपेक्षा अर्जदाराच्या शिक्षेचा भाग अधिक आहे. आयुष्यभर हुजुरात रुजू न होणाऱ्या जिवाजीला पोच मिळण्याची घाई झाली आहे, आणि पोच येत नाही. आली ती तलब.

नाथांचे अभयपत्र वेगळे आहे. पुष्कळ जण अर्जदस्तानंतर लगेच ते वाचतात, म्हणजे अर्जाला उत्तर मिळाल्यासारखे होते आणि मनाला बरे वाटते. नाथांच्या मनातही ही जोडी असेल, नाही असे मी म्हणत नाही. तरी शाळेत मी ती दोन पाने एका दिवशी शिकवत नाही. अर्ज शनिवारी सकाळी वाचून घेतो आणि घंटा झाली की मुलांना सोडतो. अभयपत्र सोमवारी.